‘बघतो’ला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?

‘रविवारी घरी जेवायला ये’ असं कुणी म्हटलं की आपलं उत्तर ठरलेलं, ‘बघतो, जमवतो!’ बोलावणाऱ्यालाही कळतं की स्वारी काही येत नाही. पण उद्या परदेशात गाईडने किंवा कंपनीत बॉसने बोलावलं आणि आपण ‘आय विल ट्राय’ म्हणालो, तर समोरचा बिचारा आपलं पान मांडून बसतो. आपण गेलो नाही की आपली गणना बेभरवशाच्या माणसांत! म्हणून मित्रहो, चार गोष्टी लक्षात ठेवा.

आमंत्रणाखाली ‘आर.एस.व्ही.पी.’ असतं. ही अक्षरं फ्रेंच वाक्याची, अर्थ ‘कृपया उत्तर द्या’. म्हणजे येणार असाल तरी कळवायचं, नसाल तरी कळवायचं. ‘रिग्रेट्स ओन्ली’ असेल तर फक्त न येणाऱ्यांनी कळवायचं. गप्प बसलात तर तुम्ही येणार असं धरतात.

होकार सोपा आहे. ‘थँक यू फॉर इन्व्हायटिंग मी. आय वुड लव्ह टू कम.’ झालं.

नकारात तीन गोष्टी हव्यात : आभार, स्पष्ट नाही, शुभेच्छा. ‘थँक यू सो मच फॉर द इन्व्हिटेशन. अनफॉर्च्युनेटली, आय कान्ट मेक इट, ॲज आय हॅव अ सबमिशन द नेक्स्ट मॉर्निंग. होप यू हॅव अ लव्हली इव्हनिंग.’ कारण एका ओळीत पुरे. आजीचं आजारपण, एस.टी.चा संप अशी रामकहाणी नको. नुसतं ‘आय ॲम बिझी’ही नको, ते तोडून टाकल्यासारखं वाटतं.

एक गंमत बघा. ‘आय वुड लव्ह टू कम’ म्हणजे हो, पण ‘आय वुड हॅव लव्ह्ड टू कम’ म्हणजे नाही! एका ‘हॅव’ने सगळं फिरतं.

ठरत नसेल तर ‘कॅन आय लेट यू नो बाय फ्रायडे?’ असं विचारा आणि शुक्रवारी खरंच कळवा. हाच तुमचा सभ्य ‘बघतो’! अमेरिकन लोक ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ असंही म्हणतात. पावसाने बेसबॉलची मॅच रद्द झाली की पुढच्या मॅचला चालणारं तिकीट म्हणजे रेन चेक. अर्थ, आज नाही, पण पुन्हा नक्की. पुन्हा जायची इच्छा असेल तरच वापरा.

आणि हो, आमंत्रण एकट्याच्या नावाने असेल तर एकट्यानेच जायचं. अख्खी विंग न्यायची नाही! मेस बंद ठेवायची तर आपण आदल्या दिवशी सांगतो, कारण मावशी कणीक मोजून भिजवतात. आमंत्रण देणाऱ्याचंही तसंच असतं.