ढेकूण : प्रवासात भेटतो, पिशवीतून घरी येतो

गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल बँकेत जमा झाले की आपल्या भागातील माणसांचे पाय घराबाहेर निघतात. चैत्रात जोतिबा, मग लग्नसराई, पुढे आषाढीला पंढरपूर. तोडणीच्या गडबडीत लांबणीवर टाकलेले आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन याच दिवसांत उरकायचे असते. मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी पुण्याला दोन-तीन हेलपाटे होतात. कुणी मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिबिराला जातो. म्हणजे धर्मशाळा, मठ, लॉज, दवाखान्याचा व्हरांडा, पाहुण्यांची माडी, रात्रीची एस.टी. अन् रेल्वेचा बाक! वर्षभर आपल्याच अंथरुणावर झोपणारा माणूस दोन-तीन महिन्यांत दहा ठिकाणी पाठ टेकतो. त्या दहांतल्या एखाद्या ठिकाणी ढेकूण भेटला तर नवल नाही.

हा विषय या पत्रिकेत कशाला, असे काही सभासद विचारतील. लागण, खोडवा, पाचट यांविषयी आम्ही नेहमीच लिहितो. ढेकणाविषयी मात्र चारचौघांत बोलायलाही माणूस लाजतो. पण हे लिहायला एक कारण घडले आहे आणि ते चेष्टेवारी नेण्यासारखे नाही. ते पुढे येईलच. आधी या प्राण्याची नीट ओळख करून घेऊ.

पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे ५ मिलिमीटरचा, चपटा, तपकिरी, साधारण सफरचंदाच्या बीएवढा. त्याला उडता येत नाही, पिसवेसारखी उडीही मारता येत नाही. तो फक्त चालतो. तरी गावोगाव पोहोचतो, कारण त्याला आपण उचलून नेतो. दिवसा तो फटीत बसतो. रात्री आपल्या श्वासाचा आणि अंगाच्या उबेचा माग काढत बाहेर येतो, पाच-दहा मिनिटे रक्त पितो आणि परत फटीत. अंगावर राहत नाही, हे लक्षात ठेवावे. ऊ अंगावर राहते, ढेकूण मुक्कामाला आपल्या सामानात राहतो. मादी रोज थोडी थोडी अशी आयुष्यात शे-दोनशे अंडी घालते. अंडे मिलिमीटरभर, पांढरे, फटीला चिकटवलेले. आठवडा-दहा दिवसांत पिल्लू बाहेर पडते आणि मोठे होईपर्यंत पाच वेळा कात टाकते. प्रत्येक वेळी त्याला एकदा तरी पोटभर रक्त लागते. उबदार हवेत हे सगळे दीड-दोन महिन्यांत उरकते. जगात माणसाला छळणाऱ्या ढेकणाच्या मुख्य जाती दोन. थंड मुलखातली वेगळी आणि आपल्यासारख्या उष्ण मुलखातली वेगळी. चावायला दोन्ही सारख्याच!

एक दिलासा आहे. ढेकणाच्या चावण्याने मलेरिया, कावीळ किंवा एड्ससारखा रोग पसरल्याचे आजवर आढळलेले नाही. त्रास आहे तो खाजेचा, खाजवून होणाऱ्या जखमांचा अन् मोडलेल्या झोपेचा. फारच सुळसुळाट झाला तर लहान मुले व म्हातारी माणसे यांच्या अंगातले रक्तही कमी होऊ शकते. काहींच्या अंगावर चावा उठतच नाही, काहींच्या दोन-चार दिवसांनी उठतो. त्यामुळे कुठल्या मुक्कामात चावला ते पुष्कळदा कळत नाही. नवऱ्याच्या अंगावर गांधी आणि बायको म्हणते, "मला तर काहीच नाही," यात खोटे कुणीच बोलत नसते.

लाज वाटून घेण्याचे तर मुळीच कारण नाही. घाण घरातच ढेकूण होतात ही समजूत चुकीची. त्याला केरकचरा लागत नाही, माणूस लागतो. पसारा असला तर लपायला जागा जास्त मिळते, एवढेच. २०२३ च्या शरदात ऑलिंपिकच्या तयारीत असलेल्या पॅरिस शहरात ढेकणांवरून केवढी ओरड झाली! रेल्वेगाड्यांत, सिनेमागृहांत ढेकूण दिसल्याच्या तक्रारी झाल्या, मंत्र्यांना बैठका घ्याव्या लागल्या. फ्रान्सच्या सरकारी आरोग्य संस्थेने त्याच वर्षी सांगितले होते, की २०१७ ते २०२२ या काळात त्या देशातल्या शंभरातल्या ११ घरांत ढेकूण झाले होते. तिथे ही गत, मग आपल्या धर्मशाळेला तेवढे नाव कशाला ठेवायचे?

आता मुक्कामाला गेल्यावर काय पाहायचे ते सांगतो. खोलीत शिरताच पिशवी खाटेवर टाकायची आपली सवय असते, ती आधी मोडावी. पिशवी न्हाणीघराच्या फरशीवर किंवा स्टुलावर ठेवावी. मग उशाकडची चादर उचलून मोबाईलच्या टॉर्चने गादीची कडेची शिवण, गोटाची दुमड आणि गादीला मारलेले टाके पाहावेत. खाटेची उशाकडची फळी, तिचे सांधे, स्क्रूची भोके, भिंतीला टेकलेली बाजूही पाहावी. माणूस झोपतो तिथून हा प्राणी सहसा फार लांब राहत नाही. खुद्द ढेकूण दिसला नाही तरी त्याच्या खुणा दिसतात : शाईचे टिंब पडावे तसे काळे ठिपके, फिक्या रंगाच्या टाकलेल्या काती, चादरीवर रक्ताचे पुसट डाग. फारच झाले असतील तर वासही येतो. ग्रीक लोकांना हा वास धन्याच्या हिरव्या पानासारखा वाटला आणि कोथिंबिरीचे त्यांचे नाव ढेकणावरूनच पडले असे सांगतात. आपल्या गृहिणींना हे मुळीच पटायचे नाही!

खुणा दिसल्या तर मालकाशी भांडत बसण्यापेक्षा खोली बदलून मागावी. मात्र शेजारची, बरोबर वरची किंवा खालची नको, कारण भिंतीच्या फटीतून आणि वायरच्या पाइपातून ढेकूण तिथे गेलेलाच असतो. दवाखान्यात पेशंटजवळ राहायचे असेल किंवा दिंडीत राहुटीत झोपायचे असेल तर खोली बदलण्याची सोय नसते. अशा वेळी आपले अंथरूण आपणच न्यावे, दिवसा ते उघडे न टाकता जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावे आणि कपड्यांची पिशवीही तशीच बंद ठेवावी. दुसऱ्याच्या वाकळेवर आपली शाल टाकून झोपलो तर शाल वेगळी बांधावी.

घरी आल्यावरची अर्धी घटका सगळ्यांत महत्त्वाची. दमूनभागून आलेला माणूस पिशवी थेट माजघरात नेऊन कॉटखाली सरकवतो. तसे न करता पिशवी अंगणात किंवा पडवीत उघडावी. कपडे, मग ते घातलेले असोत वा नसोत, सगळे बंबातल्या कढत पाण्यात भिजवावेत. ६० अंशांच्या पुढचे पाणी असेल तर ढेकूण आणि अंडी दोन्ही संपतात. ढेकणाचे मरण उष्णतेत आहे. ४५ अंशांत मोठा ढेकूण दीड-दोन तासांत मरतो, पण त्याच उष्णतेत अंडी सात तासही तग धरतात. ५५ अंशांवर दोन्ही लगेच मरतात. आपल्याकडे उन्हाळ्यात रिकामी पिशवी काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून दुपारभर पत्र्यावर ठेवली तर काम होऊ शकते. जाड गादीचे मात्र तसे नाही. ऊन वरून लागते, आतला कापूस थंड राहतो आणि ढेकूण खालच्या बाजूला सरकतो. गादी उन्हात टाकायची तर दर तासाला उलटून शिवणी झटकाव्यात, नुसती टाकून शेतावर निघून जाऊ नये.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. मागे गट ऑफिसात एक वयस्कर सभासद आले. मुलगा-सून दवाखान्याच्या निमित्ताने पंधरा दिवस शहरात राहून आले होते, त्यानंतर घरात ढेकूण झाले होते. ते म्हणाले, "साहेब, हुमणीचं औषध अर्धी बाटली उरलंय. गाद्यांवर मारलं तर चालंल का? नातवंडं रात्रभर झोपंनात." आम्ही म्हटले, "तात्या, बाटली उघडूसुद्धा नका." ते विचारायला आले हे त्या नातवंडांचे नशीब. न विचारता मारणारे पुष्कळ असतात.

शेतातले औषध उघड्या रानात, एकरी मापाने, पाण्यात पातळ करून द्यायचे असते. ते दिल्यावर तिथे कुणी झोपत नाही. तेच औषध बंद खोलीत गादीवर मारले तर माणूस रोज सात-आठ तास त्यावर पडून राहतो, तेच हुंगतो, घामाबरोबर ते कातडीतून अंगात जाते. क्लोरपायरीफॉससारखी औषधे मज्जातंतूंवर काम करतात. किड्याच्याही आणि माणसाच्याही. अंग जितके लहान तितका विषाचा हिस्सा मोठा, म्हणून पहिला बळी पाळण्यातला. पूर्वी हुमणीला टाकत ते दाणेदार फोरेट तर २०२० अखेर देशात बंदच झाले. तरी एखाद्याच्या माळ्यावर जुना डबा निघतो, तो ढेकणासाठी खाली उतरवू नये. सगळ्यांत घातकी म्हणजे धान्यात ठेवायची गोळी, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलीने तिचा विषारी वायू होतो, तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्याला उतारा नाही. ढेकूण-उंदरांसाठी गोळ्या ठेवल्या अन् शेजारच्या खोलीतली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येत असतात.

घरात कुणाला औषध बाधलेच, म्हणजे तोंडाला लाळ, उलटी, डोळ्याची बाहुली बारीक, दम लागणे असे दिसले, तर त्याला मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि १०८ नंबरला फोन करावा. मुद्दाम उलटी करवू नये. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात बरोबर न्यावे. कुठले विष ते कळल्याशिवाय डॉक्टरांना उपचार ठरवणे अवघड जाते.

आणि एवढे करून ढेकूण मरतो का? बहुधा नाही. पंचतंत्रात राजाच्या बिछान्यातल्या उवेची गोष्ट आहे. पाहुणा आलेला ढेकूण उतावीळपणे राजाला चावतो, नोकर शोधायला धावतात, ढेकूण पलंगाच्या फटीत निसटतो आणि बिचारी ऊ मारली जाते. गादीवर विष मारण्याचा प्रकार तसाच आहे. ढेकूण फटीत असतो आणि विष लेकरांच्या अंगाला लागते.

दुसरे असे, की औषध पचवायला ढेकूण केव्हाच शिकला आहे. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच्या आदल्याच वर्षी हवाई बेटांवर पर्ल हार्बरच्या बराकीत डी.डी.टी.ला न मरणारे ढेकूण सापडले होते! आपल्याकडे १९५३ पासून मलेरियासाठी घरोघर भिंतींवर डी.डी.टी. फवारले गेले. आरंभी त्याने ढेकूणही मेले, मग मरेनासे झाले, आणि फवारल्यावर उलट जास्तच चावतात म्हणून काही ठिकाणी लोक फवारणीलाच नको म्हणू लागले. आज दुकानात मिळणारे बहुतेक फवारे पायरेथ्रॉइड गटातले आहेत, त्यांचीही तीच गत होत चालली आहे. एकच औषध वरचेवर मारले की कीड कशी वठणीवर येत नाही, हे शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. धुराचे डबे मिळतात तेही फटीत पोचत नाहीत.

तेव्हा घरात ढेकूण झालेच तर काम हातांनी करायचे आहे. खाट भिंतीपासून वीतभर ओढावी. खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, चादर जमिनीला लागू देऊ नये. लाकडी सांध्यांत कढत पाणी ओतावे, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. पूर्वीच्या बायका हेच करीत. रॉकेल ओतून काडी लावण्याचा जुना उपाय मात्र सोडावा, त्यात घर जाते. भिंतीच्या फटी पुट्टीने बुजवाव्यात. खोली बंद ठेवून ढेकूण उपाशी मारू म्हणाल तर तो आपल्या हवेतही काही आठवडे, कधी काही महिने उपाशी राहतो. आणि ती खोली सोडून दुसऱ्या खोलीत झोपायला गेलात तर मागोमाग तोही येतो. एवढ्यावर भागले नाही तर परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावे आणि कोणते औषध मारणार ते बिलावर लिहून घ्यावे. अंड्यांवर औषध नीट चालत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. दर ठरवतानाच ती धरून ठरवावा.

जाता जाता तोडणीच्या टोळ्यांविषयी. घरात ढेकूण निघाले की "टोळीच्या वाकळांतून आले" असे म्हणून मोकळे होणारे सभासद आहेत. आम्हांला हे मान्य नाही. बीडकडून सहा महिन्यांसाठी बिऱ्हाड घेऊन आलेली माणसे ट्रकमध्ये, मोकळ्या रानात, आपण दिलेल्या जागेत राहतात. जुनी बाज, फाटकी गादी त्यांना आपणच देतो, अन् कधी कधी ढेकूणही त्यातूनच देतो. नव्या हंगामात टोळी उतरेल त्या दिवशी चुलाणावर मोठी कढई किंवा बॅरल ठेवून पाणी तापवून द्यावे, म्हणजे वाकळा-कपडे पहिल्याच दिवशी उकळून निघतील. परत जाताना पुन्हा एकदा. चुलाणाला जळण म्हणून उसाची पाचट वापरू नये, ती रानातच कुजवायची आहे. बांधावरचे लाकूड पुरे.