नदीतील आगबोट

कोलकाता शहरात हुगळी नदीच्या काठी गार्डन रीच नावाची जुनी वस्ती आहे. तेथे १८८४ मध्ये नदीतील आगबोटींच्या दुरुस्तीसाठी एक लहानसा कारखाना निघाला. १९१६ पासून तो ‘गार्डन रीच वर्कशॉप’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आज तेथे नौदलाच्या युद्धनौका बांधल्या जातात. याच कारखान्यात १९२९ मध्ये ‘ऑस्ट्रिच’ ही प्रवासी आगबोट बांधली गेली.

समुद्रावरील आगबोटीला पाण्याखाली फिरणारा पंखा असतो. पूर्व बंगालच्या नद्यांमध्ये तो फारसा उपयोगाचा नव्हता. तेथील नद्या प्रचंड रुंद, परंतु जागोजागी उथळ. शिवाय दर पावसाळ्यात त्यांचे प्रवाह बदलतात व नव्या ठिकाणी वाळूचे दांडे तयार होतात. म्हणून ‘ऑस्ट्रिच’सारख्या बोटींचा तळ सपाट ठेवीत आणि दोन्ही बाजूंस वल्ह्यांसारख्या फळ्यांची मोठी चाके बसवीत. त्यामुळे थोड्या पाण्यातूनही बोट पुढे सरकत असे.

बोटीचा प्रमुख ‘सारंग’. हा शब्द कोकणातील दर्यावर्दी लोकांच्याही परिचयाचा आहे. बंगालमधील सारंग व खलाशी बहुधा चितगाव, नोआखाली या भागांतील असत. नकाशापेक्षा त्यांची भिस्त नजरेवर आणि अनुभवावर असे; कारण गेल्या वर्षीचा नकाशा यंदा खरा ठरेलच, याची खात्री नव्हती. उथळ जागी एक खलाशी बोटीच्या टोकाशी उभा राहून खुणा केलेला बांबू पाण्यात बुडवी आणि खोली मोठ्याने सांगे. रात्री शोधदिव्याच्या झोतात काठ व बांबूच्या खुणा पाहत बोट चाले. खाली भट्टीजवळ कोळसा टाकणाऱ्यांचे काम सर्वांत कष्टाचे होते. प्रवाशांच्या दृष्टीस मात्र ते क्वचितच पडे.

वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या खोल्या असत. खालच्या मजल्यावर तागाचे गठ्ठे, सुपारीची पोती आणि मासळीच्या टोपल्या यांच्यामधून जागा शोधून गोरगरीब प्रवासी चटया अंथरीत. त्या काळी कोलकात्याहून बारिसालला जाणारा मनुष्य सियालदहला आगगाडीत बसून खुलना गाठी आणि तेथून बोटीने पुढे जाई. कोकणच्या अनेक बंदरांत बोट दूर उभी राहत असे व प्रवाशांना पडावातून न्यावे लागे. येथे लहान घाटांवर बोट काठालाच लागे आणि एक फळी टाकली की उतारू जमिनीवर येत.

१९४७ च्या फाळणीने बोट बांधणारा कारखाना एका देशात राहिला आणि बोटीच्या नद्या दुसऱ्या देशात गेल्या. १९६५ च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानातून आसामकडे जाणारी भारतीय जलवाहतूकही बंद पडली. ‘ऑस्ट्रिच’ मात्र १९७१ नंतर बांगलादेशातही ढाका-खुलना मार्गावर ‘रॉकेट’ या नावाच्या सेवेत धावत राहिली. पुढे तिची वाफेची यंत्रे काढून डिझेलची बसवण्यात आली. बाजूची चाके तशीच राहिली. जून २०२२ मध्ये पद्मा नदीवरील पूल खुला झाला आणि रात्रभराच्या जलप्रवासाऐवजी लोक काही तासांत बसने जाऊ लागले.