कोंबडा नसला तरी तलंग अंडी घालते

खारघरच्या टॉवरांना लागून असलेल्या ओव्यासारख्या गावात कुणी परसात चार तलंगा पाळल्या, की सल्ला ठरलेला: "कोंबडा आणा, त्याशिवाय अंडी कशी देणार?" शिकलेली माणसंही हेच सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहायला हवं.

कोंबडा लागतो पिल्लांसाठी. अंड्यासाठी तो लागत नाही.

कोंबडीच्या अंडाशयात बीजं जन्मापासूनच असतात. ती वयात आली आणि दिवसाचा उजेड पुरेसा मिळू लागला, की शरीरातली संप्रेरकं कामाला लागतात. बलक भरतो आणि सुटतो. त्याच्याभोवती पांढरं, मग पापुद्रा आणि शेवटी कवच चढतं. या सगळ्याला साधारण पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक एकट्या कवचाला. कोंबड्याचं काम झालेलं असेल, तर बलक सुटल्यावर काही मिनिटांतच फलन होतं. झालेलं नसेल, तरी पुढचं काहीच अडत नाही.

मग कोंबडा आणल्यावर अंडी सुरू झाली, असं इतके जण का सांगतात? कारण तेव्हा तलंगेचं वय भरलेलं असतं. सुधारित जातीची तलंग पाच-साडेपाच महिन्यांत अंड्यावर येते, गावठी सहा-सात महिने घेते. त्यात पनवेलकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. थंडीत अडलेली तलंग दिवस वाढू लागल्यावर अंडी देते आणि श्रेय जातं जानेवारीत आणलेल्या कोंबड्याला. तुरा लाल झाला, पाठीला हात लावताच ती बसकण मारू लागली, तर आडोशाला पेंढा घालून जागा करून द्या. तेवढं पुरे.

खरा संताप येतो तो यापुढच्या समजुतीचा: बिनकोंबड्याचं अंडं पोकळ, ते गरोदर बाईला आणि मुलांना देऊ नये. असं सांगणारे स्वतः दुकानातून ट्रे भरून अंडी आणतात. ती ज्या लेअर फार्मवरून येतात, तिथे कोंबडा ठेवलेलाच नसतो! मध्यम आकाराच्या अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. कोंबडा असो वा नसो, त्यात फरक पडत नाही. ज्या बाईला ती सर्वांत जास्त हवीत, तिच्याच ताटातून अंडं काढून घ्यायचं, हे चुकीचं आहे.

ही माहिती काही आजची नाही. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर पुस्तिका लिहिली. कोंबड्याविना घातलेल्या अंड्यातून पिल्लू कधीच होत नाही, म्हणून दूध चालणाऱ्याला असं अंडं घ्यायला हरकत नसावी, असं त्यांनी त्यात म्हटलं आहे. अंडं खावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. निदान कारण तरी खरं असावं.

पिल्लं हवी असतील, तर मात्र कोंबडा जरूर आणा. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. खुडूक कोंबडी बसवली, की एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं निघतात.

बाकीच्या समजुती थोडक्यात. पहिलं अंडं इवलंसं किंवा बलकाविना निघालं, तर तो अपशकुन नव्हे. शरीराची घडी बसायला थोडे दिवस लागतात. बलकावरचा रक्ताचा ठिपका म्हणजे पिल्लू नव्हे, बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. कवच मऊ येत असेल, तर दृष्ट काढू नका, शिंपल्यांचा चुरा ठेवा. तपकिरी कवच हा गावठीपणाचा पुरावा नाही, रंग जातीवर ठरतो. काळ्या कडकनाथचंही अंडं फिकट तपकिरीच असतं. आणि कच्चं अंडं जास्त ताकद देतं, हेही खोटं: १९९८ च्या एका बेल्जियन अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली जेमतेम निम्मी.