माळ्यावरचे घंगाळ आणि आमची पेढी

दोन वर्षांपूर्वी घर बदलताना माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरली : बंब, घंगाळ, चार पराती आणि आईच्या माहेरची समई. ती मोडीच्या भावाने घालवायला आमच्या सौ.चा जीव होईना. तेव्हा चिरंजीवांनी त्यांची छायाचित्रे काढून इंटरनेटच्या बाजारात मांडली. समई तेवढी विकायची नाही असे ठरले. महिन्याभरात बाकी सारे खपले. आमचा बंब आता एका उपाहारगृहाच्या दारात शोभेसाठी उभा आहे, हे मी आईला अजून सांगितलेले नाही.

असल्या बाजाराची सुरुवातच मुळी अडगळीतून झाली. १९९५ साली अमेरिकेत जो बाजार पुढे ईबे म्हणून गाजला, तिथे खपलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर! आमचे घंगाळ निदान गळत तरी नव्हते.

इथवर आम्ही खासगी गृहस्थ होतो. पण चटक लागली. सौ. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊ लागल्या. काळवंडलेले गडवे आणायचे, तांबट आळीत पोचे काढून घ्यायचे, चिंच लावून लखलखीत करायचे आणि विकायचे. जाहिरात मात्र जुनीच राहिली : “घरातील वडिलोपार्जित भांडे.” मजकूर अर्थात माझा. मराठीच्या प्राध्यापकाकडे विशेषणांची वानवा कसली? एका गडव्याचे वय तर मी बसल्या बैठकीला शंभरावर नेले. पुढे कळले की ऐतिहासिक मोलाची वस्तू खरोखरच शंभर वर्षांची असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे तिचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे खरे असते तरी पंचाईत आणि खोटे तर होतेच.

त्याच गडव्यासाठी नाशिकच्या एका बाईंनी विचारले, “यातून तुमच्या आजेसासूबाई पाणी पीत असत का?”

“अहो, आता यांना काय लिहू?” सौ.नी विचारले. मी म्हटले, “लिही, पीत असत.” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी वर्तमानपत्र उचलले. त्यांनी खरे ते लिहिले. गडवा बाईंनी घेतला नाही.

त्याच रात्री सौ.नी ठरवले की आता व्यापारी म्हणूनच विकायचे. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक-संरक्षण नियम स्वतःची वस्तू एकदा-दोनदा विकणाऱ्या गृहस्थाला लागू नाहीत. नेमाने धंदा करणाऱ्याला आहेत. वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा सदोष माल परत घ्यायलाच हवा, आणि स्वतः गिऱ्हाईक बनून आपल्याच मालाची स्तुती लिहिता येत नाही. (माझ्या मेव्हण्याने दोन स्तुतिपर अभिप्राय तयार ठेवले होते. ते वाया गेले.)

मग जी.एस.टी. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा बाजारातून माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर पूर्ण नोंदणी लागत नाही, सरकारच्या संकेतस्थळावर नाव दाखल केले की पुरते. पण माल राज्याबाहेर धाडता येत नाही. आणि आमची पहिली मोठी मागणी आली ती इंदूरच्या एका मराठी कुटुंबाकडून, लग्नाच्या रुखवतासाठी! झाले, नोंदणी आली, विवरणपत्रे आली. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल, तर खरेदी आणि विक्री यांच्यातल्या फरकावरच कर भरायची सोय आहे. म्हणून प्रत्येक गडवा कितीला घेतला हे सौ. लाल वहीत टिपून ठेवतात. किराणा मालाचा हिशेब आमच्या घरात कधी इतका चोख नव्हता.

व्यापारी झाल्यावर पहिल्याच महिन्यात एक तपेली परत आली. बूड पाझरत होते. पूर्वी “जुनी वस्तू, पाहून घ्यायची होती” म्हणून मोकळे झालो असतो. सौ.नी निमूटपणे पैसे परत केले. त्या महिन्याचा नफा त्यातच गेला आणि दोन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. जाहिरातीत आता “जुन्या बाजारातून घेऊन दुरुस्त केलेले” असे स्पष्ट असते. विशेषणे त्या स्वतः खोडतात. खप पहिल्यापेक्षा मंद आहे.

परवा एका परातीच्या छायाचित्रात मागे कोनाड्यातली समई दिसली. लगेच विचारणा आली : समईची किंमत काय? सौ.नी वर पाहिले. आई जपमाळ थांबवून बसली होती.

सौ.नी उत्तर लिहिले, “ती घरची आहे.”