विजेची हाक वावरापर्यंत पोचू द्या

वीज पडून शेतकरी ठार, बैलजोडी दगावली. मृगापासून परतीच्या पावसापर्यंत यवतमाळच्या पानावर ही बातमी अधूनमधून असतेच. ती पुन्हा सांगत नाही. सांगायचं आहे ते हे, की कोसळणारी प्रत्येक वीज आपला पत्ता स्वतःच ओरडून सांगते.

विजेच्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात, हवेचा प्लाझ्मा होतो आणि एरवी वीज अडवणारी हवाच वाहक बनते. त्या कित्येक किलोमीटर लांब वाटेतून हजारो अँपिअरचा प्रवाह धावला, की रेडिओ लहरी चहूकडे फेकल्या जातात. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावली असताना मध्येच होणारी खरखर ती हीच. निसर्गाने क्षणभर उभारलेला हा प्लाझ्मा अँटेनाच.

माणसाने तो काचेच्या नळीत आणला आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या रजनीश कुमार आणि धीरज बोरा यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. नळीत आर्गॉन वायू, त्यात ३० सेंटिमीटर लांबीचा प्लाझ्माचा स्तंभ. वायूचा दाब, पुरवलेली शक्ती किंवा वारंवारता बदलली, की त्या सलग स्तंभाचे वेगवेगळे गोळे होतात. एका अँटेनाचे अनेक छोटे अँटेना! धातूचा अँटेना एकदा घडवला की घडवला. हा मात्र बटणावर रूप पालटतो, आणि बंद केला की उरते नुसती काच आणि वायू, रडारला दिसण्याजोगा धातू नाहीच. संरक्षण खात्यांना त्याचं आकर्षण आहे ते यासाठी.

आकाशातल्या अँटेनाची हाक टिपायला पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने देशभर संवेदकांचं जाळं विणलं आहे. एकच लहर वेगवेगळ्या केंद्रांवर किंचित मागेपुढे पोचते. त्या फरकावरून वीज कुठे पडली ते काढतात. एक मायक्रोसेकंद म्हणजे ३०० मीटर, इतका बारीक हिशेब. त्याच जोरावर ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांचा इशारा देतं.

पण झरी-जामणी किंवा घाटंजीच्या एखाद्या आडवळणाच्या वावरात निंदणाला वाकलेल्या बाईच्या हातात फोन नसतो. असला तरी रेंज असेलच असं नाही. आभाळ भरून आलं की मजूर धुऱ्यावरच्या झाडाखाली धावतात, आणि घात तिथेच होतो. इतकं सूक्ष्म विज्ञान शेवटच्या दोन किलोमीटरांत थांबावं, हे मला मान्य नाही. मृत्यूनंतर वारसांना ४ लाखांची मदत मिळते. त्याआधीचा इशारा भोंग्यावरून द्यायला त्यामानाने खर्च तो कितीसा? येत्या ग्रामसभेत विषय मांडा. दामिनी पाहणारा एक माणूस आणि शिवारात ऐकू जाईल असा एक भोंगा, एवढी मागणी ठरावात लिहून घ्या.