सीमेच्या दोन बाजूंना मेंदूचा अभ्यास

१९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. एकाच जिल्ह्यातली मराठी मुलं दोन राज्यांत विभागली आणि पुढे त्यांचं शिक्षणही वेगळं झालं. पदवीला मेंदूविज्ञान हा विषय तेव्हा सीमेच्या कोणत्याच बाजूला नव्हता. अमेरिकेतल्या ॲम्हर्स्ट कॉलेजने पदवीला हा विषय सुरू केला तोच मुळी १९७३ मध्ये. आज परदेशात तो मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घ्यायचा तर साधारणपणे जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि मानसशास्त्राचा पाया, मेंदूविज्ञानाची ओळख करून देणारा एक पेपर आणि त्यापुढे चेतापेशी, स्मृती, वर्तन यांवरचे काही वरचे पेपर लागतात.

आदिलाबादची कॉलेजं १९७६ पासून वरंगलच्या काकतीय विद्यापीठाकडे आली. बारावीला बायपीसी (जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र) केलेली मुलं पदवीला सर्रास बीझेडसी घेत: वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र. भौतिकशास्त्र तिथेच सुटे. चेतातंतूतला संदेश विजेच्या रूपात धावतो, तो भौतिकशास्त्राशिवाय नीट कळत नाही. ही तूट मला फार मोठी वाटते.

तरीही बीझेडसीला कमी लेखू नये. आपल्या विदर्भातल्या लाखोळी डाळीचं उदाहरण घ्या. टंचाईच्या दिवसांत महिनोन्‌महिने हीच डाळ खाल्लेल्या धडधाकट माणसांचे पाय ताठरत. गुडघे वाकवून, टाचा उचलून, काठीच्या आधाराने ती माणसं पाय एकमेकांत अडकवत चालत आणि हे अपंगत्व जन्मभर राही. १९६४ मध्ये राव, अडिगा आणि सर्मा या भारतीय शास्त्रज्ञांनी त्या बियांतलं विष वेगळं काढलं. ते मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहकासारखं वागतं आणि चेतापेशींना अति उत्तेजित करून मारतं. वनस्पती, रसायन आणि चेतासंस्था असे तिन्ही धागे या एका दुखण्यात गुंफलेले आहेत. आपल्याच घरातली ही गोष्ट वर्गात सांगितली जावी, असं मनापासून वाटतं.

आदिलाबाद आता ज्या तेलंगणात आहे, तिथे २०१६ मध्ये ‘दोस्त’ या व्यवस्थेवरून पदवीचे ऑनलाइन प्रवेश सुरू झाले. पलीकडे महाराष्ट्रात २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही मेजर-मायनर आलं. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी २४ मायनरसाठी आहेत. पण कॉलेजात जो विषय शिकवणारं कोणी नाही, तो तालुक्यातला विद्यार्थी कसा निवडणार? नियम बदलले, शिकवणारे वाढले नाहीत.

आदिलाबाद शहरात २००८ पासून रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवणारे प्राध्यापक तिथे आहेत. शहरातल्या पदवी कॉलेजांनी त्यांच्याशी बोलून चेतासंस्थेवरचा एक पेपर तरी सुरू करावा आणि त्यात किनवट-राजुऱ्याच्या मुलांनाही बसू द्यावं.