पेढीचे शहाणपण वहीत उतरावे

बारामतीच्या मार्केट यार्डातील किंवा इंदापूरच्या बाजारपेठेतील जुन्या पेढ्यांचे रोजमेळ आणि खतावण्या आता संगणकावर आल्या आहेत. परंतु कोणत्या गावची उधारी उसाचे बिल निघाल्यावरच येते, कोणाला तगादा लावला तर तो कायमचा तुटतो, पावसाळ्यात कोणाची पोती उघडून पाहिल्याशिवाय उतरवून घ्यायची नाहीत, हे कोणत्याही खात्यात लिहिलेले नसते. ते तीस वर्षे गादीवर बसलेल्या दिवाणजींच्या किंवा घरातील वडिलांच्या स्मरणात असते. ते अंथरुणाला खिळले की येणे वहीत दिसते. ते वसूल कसे करावे, हे मात्र मुलांना उमगत नाही.

ही चिंता नवी नाही. दिगंबर परंपरेनुसार गिरनारच्या चंद्रगुफेतील आचार्य धरसेनांना आपल्याबरोबर श्रुतज्ञान लोपेल, असे भय वाटले. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून ते शिकविले. त्यांतून ‘षट्खंडागम’ लिहिला गेला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी ही त्याचीच आठवण होय.

या ग्रंथावरील ‘धवला’ टीकेची ताडपत्रे पुढे मूडबिद्रीस जपली गेली. मात्र त्यांचे दर्शन होई, अध्ययन होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या पुढाकाराने प्रती काढण्याचे काम सुरू झाले व ते पाव शतक चालले. तरीही त्या प्रती बाहेर नेण्याची मुभा नव्हती. अखेर 1939 मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून पहिला खंड छापला गेला, तेव्हा ते ज्ञान अभ्यासकांच्या हाती आले. लिहून ठेवणे आणि वाटून देणे ही दोन निराळी कामे आहेत, हे या इतिहासातून दिसते.

हिराचंद शेठजींचे पुत्र वालचंद (1882–1953) यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविले. तेथे साखर कारखान्याबरोबर यंत्रनिर्मितीही वाढली. पुढे अग्निबाणांच्या मोटारींची आवरणेही तेथे तयार झाली. अशा कामात कसबी कारागिराच्या हातावर सारे सोडून चालत नाही. जोडणीची पद्धत आधी लेखी ठरते, वेल्डरची परीक्षा होते आणि प्रत्येक सांध्याची नोंद राहते. कारागीर निवृत्त झाला तरी रीत कारखान्यातच राहते.

बँकांतही हीच शिस्त असते. अधिकाऱ्याची बदली झाली की किल्ल्या, दस्तऐवज आणि थकीत खाती यांची यादी करून, दोघांच्या सह्यांनी कार्यभार सोपविला जातो. काही दिवसांची सक्तीची रजा तर अशासाठी की, दुसऱ्याने त्या खुर्चीवर बसून काम पाहावे.

पेढीला एवढा व्याप नको. एक जाड वही पुरे. रोज दुकान वाढविण्यापूर्वी दिवाणजींनी एक प्रसंग सांगावा आणि घरातील तरुणाने तो तारखेसह लिहावा: काय घडले, काय निर्णय घेतला, का घेतला. ‘का’ हा रकाना कधीही रिकामा सोडू नये. महिन्यातून एकदा ती पाने सर्वांनी मिळून वाचावीत. वर्षातून आठ दिवस दिवाणजींना यात्रेस पाठवावे आणि वहीच्या आधारे दुकान चालवून पाहावे. जेथे अडेल, तेथे नोंद अपुरी आहे असे समजावे. खरेदीचे भाव व कर्जाच्या गोष्टी घरापुरत्या वेगळ्या वहीत ठेवण्यास हरकत नाही.

खरी अडचण मनाची असते. सारे सांगून टाकले तर उद्या आपली गरज उरणार नाही, ही भीती दिवाणजींना वाटते आणि ती खोटी म्हणता येत नाही. म्हणून मालकाने आधी त्यांच्या म्हातारपणाची तजवीज बोलून, कागदावर करावी. मगच वही पुढे सरकवावी. पोटाची काळजी मिटलेला माणूस मोकळेपणाने शिकवितो.

येत्या पाडव्याला नव्या चोपड्यांचे पूजन होईल. त्यांत या वहीचीही भर पडावी.